फाटकापाशी गाडी नव्हती

रॉइस टिडवेलला तालुक्यातली निम्मी घरं आतून माहीत होती. पाहुणेरावळे बैठकीच्या खोलीतूनच परत जातात. पण कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस थेट मागच्या खोलीत शिरतो आणि घराची खरी अब्रू असते ती तिथंच. कुणाकडं किती फाटकी चादर आहे, कुणाचा नवरा खिशात काय विसरतो, कोण साबण जास्त टाकतं, सगळं रॉइसला ठाऊक. आणि मिसुरीच्या त्या ओझार्क टेकड्यांमध्ये अशा प्रत्येक मागच्या खोलीत भिंतीवर एक तरी रानटर्कीची शेपूट असायचीच, फळीवर पंख्यासारखी पसरून ठोकलेली. खाली तारीख. भिंतीवरच्या येशूकडं एक वेळ दुर्लक्ष होईल, पण त्या शेपटीवर धूळ बसायची नाही.

रॉइस यंत्राखाली पालथा पडलेला असताना घरमालक मागं उभा राहून हमखास विचारायचा, "मग, यंदा तुझं काय झालं? मिळाला का टर्कीचा नर?"

"यंदा नाही जमलं बघ," रॉइस यंत्राखालून सांगायचा.

तीस वर्षं तो हेच सांगत होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, बिचाऱ्याचं नशीब खराब. खरी गोष्ट अशी होती की रॉइस एकदाही शिकारीला गेलेला नव्हता. त्याचे वडील औषधांच्या दुकानात कारकून होते आणि बंदुकीच्या आवाजानं त्यांचं अर्धं डोकं दुखायचं. ज्या गावात पोरगं सायकलच्या आधी बंदूक शिकतं, त्या गावात ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. वय वाढत गेलं तशी ती जास्तच न सांगण्यासारखी झाली. एक्कावन्नाव्या वर्षी माणूस कुणाकडं जाऊन म्हणणार, की मला शिकवा?

ते बिंग फुटलं खडूमुळं. फेब्रुवारीत व्हर्लिन स्टोक्सबरी यांचं यंत्र बंद पडलं. एकोणऐंशी वर्षांचे व्हर्लिनकाका, लाकडाच्या गिरणीत उभा जन्म गेलेला, बायको वारल्यापासून मुलगी जोनेलकडं राहणारे. रॉइसनं पंप उघडला तर आत पांढरा लगदा.

"खडू आहे," तो म्हणाला. "शाळा काढली का काका तुम्ही?"

"बाबांच्या खिशात असतो," जोनेल तणतणली. "नातवंडांचे खिसे तपासावे लागत नाहीत मला, यांचे लागतात."

"पण खडू कशाला?"

काकांनी त्याच्याकडं पाहिलं. डोळे अधू झाले होते त्यांचे, पण हे त्यांना लख्ख दिसलं. हाक द्यायच्या लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतात, आणि ते झाकण नीट घासावं म्हणून त्याला खडू लावतात, हे त्या तालुक्यात ज्याला माहीत नाही असा माणूस एकतर कालच आला असणार, नाहीतर तीस वर्षं थापा मारत असणार.

जोनेल आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "एकदाही नाही?"

"एकदाही नाही," रॉइस पंपाकडं बघत म्हणाला. "कुणाला सांगू नका काका."

"सांगतो कशाला? गुरुवारी संध्याकाळी ये. जोनेल चर्चमध्ये गाण्याला जाते. आपण इथं बोंबलू, कोण ऐकतंय."

मग दर गुरुवारी ओसरीवर दोघं बसू लागले. डबी मांडीवर घेऊन रॉइस झाकण घासायचा आणि त्यातून असा काही आवाज निघायचा की शेजारचं कुत्रं उठून आत जायचं.

"ही मादी नाही," काका म्हणायचे, "ही मादीची सासू. हिच्याकडं कुठला नर येणार? पळून जाईल लेका."

मग ते स्वतःची डबी घ्यायचे. सीडरच्या लाकडाची, त्यांनी स्वतः कोरलेली. एका बाजूला तडा गेलेला आणि सरसानं चिकटवलेला. त्या तड्यामुळं तिच्या आवाजात बारीकशी खरखर होती. ते तीन हाका द्यायचे, मग थांबायचे, इतकं की वाटावं संपलं. आणि मग चौथी, अर्धीच, घसा बसल्यासारखी. एखादी बाई निघता निघता काहीतरी आठवून दारातून वळावी तशी.

"त्या अर्ध्या हाकेसाठी येतो तो," काका म्हणायचे. "पुऱ्या हाका सगळेच देतात."

रॉइसकडं स्वतःची जमीन नव्हती. जमीनवाले आपापल्या रानात बसतात. बाकीच्यांना सरकारी जंगल. ज्याचं कुणी नाही त्याचं सरकार, असं काका म्हणायचे, पण तेही आयुष्यभर तिथंच गेले होते. आणि सरकारी जंगलाचे सरकारी नियम असतात तसे न लिहिलेलेही असतात.

"जंगलाच्या फाटकापाशी कुणाची गाडी दिसली," काका सांगायचे, "की ब्रेकला पाय लावायचा नाही. सरळ पुढं जायचं. ते रान त्या दिवशी त्याचं. तो तुझा दुश्मन असला तरी त्याचं."

"आणि आत कुणाचा आवाज ऐकला तर?"

"बसायचं! आवाजाच्या मागं जायचं नाही. नर गडगडून ओरडला तरी नाही, मादी बोलली तरी नाही. तू त्याच्याकडं जायचं नसतं, त्याला तुझ्याकडं आणायचं असतं. आवाजाच्या मागं जाणारा माणूस हात हलवत परत येतो. नाहीतर चौघांच्या खांद्यावरून." मग बोट उगारून ते पुढं म्हणायचे, "अन् लाल, पांढरं, निळं अंगावर काही नको. मोजेसुद्धा. नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. झुडपात लाल हललं की शेजारच्या शहाण्याची बंदूक उठलीच म्हणून समज."

रॉइस मान डोलवायचा. मान डोलवणं त्याला चांगलं जमायचं.

एप्रिलच्या मध्यावर हंगाम सुरू झाला. शिकार चालते ती पहाटेपासून दुपारी एकपर्यंत, आणि अवघे तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात रॉइसनं काय मिळवलं म्हणाल तर एकवीस गोचीड. बायको ग्लेंडा चिमट्यानं काढायची आणि मोजायची. दुसऱ्या आठवड्यात तो ओकच्या बुंध्याला टेकून झोपला आणि जागा झाला तेव्हा समोरच्या ओल्या मातीत भल्यामोठ्या तीन बोटांचे ताजे ठसे होते, त्याच्या बुटांभोवती चक्कर मारून गेलेले. पहाटे घुबडाचा आवाज काढला की झाडावर निजलेला नर चिडून गडगडतो म्हणतात. रॉइसनं काढला तर खरं घुबड आलं आणि डोक्यावर बसून राहिलं.

गुरुवारी तो हे सगळं काकांना सांगायचा आणि काका डोळे पुसेपर्यंत हसायचे. त्या वर्षी ते स्वतः फारसे गेले नव्हते. थंडीत डॉक्टरांनी त्यांचा गाडी चालवायचा परवाना काढून घेतला होता. पिकअप अंगणात उभी होती आणि जोनेलला सवड असेल तेव्हाच ती त्यांना फाटकापाशी सोडून यायची. हे रॉइसला माहीत होतं. नीट लक्षात ठेवा, त्याला हे माहीत होतं.

शेवटच्या शनिवारी तो पहाटे जुन्या चुनाभट्टीकडच्या फाटकाशी पोचला. फाटकापाशी गाडी नव्हती. त्यानं आपली गाडी लावली आणि आत गेला.

डॉगवूडची झाडं फुलून रान पांढरं झालं होतं. उजाडता उजाडता टेकडीच्या सोंडेवर नर गडगडला, लाकडी जिन्यावरून रिकामा पिंप सोडावा तसा. रॉइस बुंध्याला पाठ लावून बसला, डबी काढली, घासली. नर गप्प. पुन्हा घासली. नर गप्पच. आणि मग पलीकडून, सोंडेच्या त्या अंगानं, मादी बोलली. तीन हाका. थांबली. मग चौथी, अर्धी, बसलेल्या घशाची.

नर असा काही गडगडला की रॉइसच्या छातीत हललं.

त्यानं ओळखलं नाही असं नाही. दहा गुरुवार तो ती हाक तीन हातांवरून ऐकत होता. पण माणसाचं मन मोठं वकील असतं. ते म्हणालं, फाटकापाशी गाडी नव्हती. म्हणालं, रान केवढं मोठं, माद्या पुष्कळ, एखादीचा घसा बसलेला असू शकतो. म्हणालं, आज शेवटचा शनिवार, उद्या हंगाम संपला, मग पुन्हा वर्षभर यंत्राखाली पडून तेच उत्तर. रॉइस पोटावर आडवा झाला आणि आवाजाच्या दिशेनं सरपटू लागला.

साठेक पावलं गेला असेल. ओकच्या तुऱ्यांच्या पिवळ्या धुळीनं त्याचं नाक गळायला लागलं. शिंक आली तर सगळंच गेलं. त्यानं खिशातून रुमाल काढून नाकावर दाबला. ग्लेंडानं घडी घालून दिलेला, लाल. दोन श्वास त्यानं तो तसाच धरला आणि मग झुडपाआडून नर निघाला. पिसारा फुलवून, पंख जमिनीवर घासत, चुलत्याच्या लग्नात मिरवणाऱ्या पुतण्यासारखा. त्याचं रॉइसकडं लक्षच नव्हतं. तो पलीकडं चालला होता, त्या अर्ध्या हाकेकडं. रॉइसनं रुमाल टाकला, बंदूक उचलली आणि मारला.

तो उठून नरापाशी गेला.

"कुणी आहे का?" त्यानं विचारलं. पण एवढ्या हळू, की कुणी असलंच तर त्याला ऐकू जाऊ नये.

उत्तर आलं नाही. त्यानं नराला पाय धरून खांद्यावर टाकलं आणि आल्या वाटेनं नाही, तर लांबच्या वाटेनं फाटक गाठलं. वन्यजीव खात्याला फोनवर नोंद दिली, नोंदणी क्रमांक पायाच्या चिठ्ठीवर लिहिला. अकरा किलोचा नर, दाढी वीतभर. हो, नराच्या छातीवर केसांची दाढी असते, आणि तिची लांबी सांगायचीच असते.

मर्नाच्या खानावळीत शिकाऱ्यांचं सकाळचं एक टेबल ठरलेलं होतं. तीस वर्षं रॉइस त्या टेबलाच्या शेजारच्या टेबलावर बसत आला होता. सोमवारी डॉयल प्रूइटनं पायानंच खुर्ची सरकवली. डॉयलचं खत-बियाण्यांचं दुकान, पण त्याचा खरा धंदा म्हणजे लोकांची टर उडवणं.

"ये, बस मोठ्या माणसा! काय ऐकतोय आम्ही? एका यंत्रवाल्यानं नर मारला म्हणे. धुवायच्या यंत्रात घालून बुडवला का रे?"

"बोलावून मारला," रॉइस म्हणाला. ते एवढं सहज तोंडातून गेलं, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. "डबीनं. पाऊण तास लागला."

"सांग की! तोंडात बिस्किटं कोंबू नकोस, सांग!"

रॉइसनं सांगितलं. पहिल्यांदा पाऊण तास होता तो मर्ना कॉफी ओतून जाईपर्यंत दीड तास झाला. नर आधी दोनदा परत गेला, मग रॉइसनं हाक अर्धी तोडली आणि मग तो आला. "अर्धी," तो म्हणाला. "पुऱ्या हाका सगळेच देतात." हे वाक्य टेबलावर पडलं आणि त्याच वेळी दार उघडून जोनेलचा हात धरून व्हर्लिनकाका आत आले.

"काका!" डॉयल ओरडला. "या, बघा! हा यंत्रवाला तुमच्याही वर गेला! चुनाभट्टीपाशी मारला."

काका खुर्चीत टेकले. रॉइसच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बरं झालं," काका म्हणाले. "किती मोठा?"

"अकरा किलो," रॉइस बशीला म्हणाला.

"बरं झालं," काका पुन्हा म्हणाले.

"तुम्ही नव्हता गेलात शनिवारी?" डॉयलनं विचारलं. "शेवटचा शनिवार तुम्ही सोडलेला आठवत नाही मला."

जोनेलनं वडिलांकडं पाहिलं. काकांनी कप उचलला. "गुडघा धरला होता," ते म्हणाले. "घरीच होतो."

जोनेल खाली बघत कॉफीत साखर ढवळू लागली. काका खोटं बोलत होते आणि रॉइसला वाटलं, ते आपल्याला झाकतायत. फेब्रुवारीत झाकलं तसं. त्या दिवशी ग्लेंडानं नराच्या छातीच्या पट्ट्या पिठात घोळवून तळल्या. लोण्यासारखं मांस होतं म्हणे. रॉइसनं ताट बाजूला सारलं. दात दुखतोय म्हणाला. मंगळवारी दोन घरी यंत्रांच्या कामाला गेला तर दोन्हीकडं लोकांनी हात दाबून अभिनंदन केलं. एका म्हातारीनं त्याला जिल्ह्याच्या जत्रेत हाका देण्याच्या स्पर्धेत नाव घाल म्हणून सांगितलं.

गुरुवारी तो काकांकडं गेला. शेपूट, दाढी आणि पायांमागचे दोन्ही काटे कागदी पिशवीत घालून घेतले होते. पिशवी पुढं करायची आणि म्हणायचं, हे तुमचं आहे. एवढंच वाक्य त्यानं गाडीत वीस वेळा म्हणून पाहिलं होतं.

काका ओसरीवर होते. डबी नव्हती.

"बस," ते म्हणाले. "बरं झालं आलास. मला तुला काहीतरी सांगायचंय आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप नाही. शनिवारी मी घरी नव्हतो."

"काका, मला—"

"मध्ये बोलू नकोस. एकदाच जमेल मला हे." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "मी तिथंच होतो. पडलेल्या ओकच्या मागं. जोनेलनं अंधारात सोडलं होतं. नर माझ्याकडं येत होता, ऐकू येत होता, दिसत नव्हता. आणि मग झुडपात लाल हललं. मी म्हटलं, आला. खटका काढला. नेम धरला. बोट चापावर होतं, रॉइस. दाबायचंच बाकी होतं. आणि तेवढ्यात तिथूनच बार झाला, तेव्हा मला कळलं की ते लाल म्हणजे माणूस आहे."

रॉइसनं पिशवी मांडीवर घेतली.

"तुझ्या तोंडावर नेम होता माझा. पासष्ट वर्षं शिकार करतोय, सगळ्यांना शिकवतो, आधी पूर्ण पक्षी बघा, दाढी बघा, मग बोट आत घाला. आणि मी रंगावर नेम धरला. या डोळ्यांनी जायलाच नको होतं. मला ठाऊक होतं की जायला नको, आणि गेलो." त्यांचा आवाज चौथ्या हाकेसारखा बसला. "तू विचारलंस, कुणी आहे का. कान चांगले आहेत माझे. मी ओ दिली नाही. लाजच एवढी वाटली की पाय उचलेनात. तू गेल्यावर तासभर तिथंच बसून होतो. बंदूक जावयाला देऊन टाकली. आता मी जायचा नाही. तू मला माफ केलंस तर बरं, नाही केलंस तरी तुझं खरं आहे."

आता रॉइसनं फक्त एवढंच म्हणायचं होतं, जाऊ द्या काका. कुणालाच काही कळलं नसतं. म्हाताऱ्याला माफी मिळाली असती, रॉइसला टेबलापाशची खुर्ची आणि काकांची माया कायमची. उलट काका जन्मभर त्याच्या उपकाराखाली राहिले असते. एवढी स्वस्त गोष्ट आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. 'जाऊ द्या' हे शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही आहात ते. मी हाक ओळखली होती."

काकांनी मान वळवली.

"फाटकापाशी गाडी नव्हती," रॉइस म्हणाला आणि ते वाक्य इतकं घाणेरडं वाटलं की त्यानं तिथंच सोडून दिलं. "ते काही नाही. गाडी असती तरी मी कदाचित... मला माहीत होतं. नर तुमच्याकडं चालला होता. मी सरपटत मध्ये आलो. आणि तो लाल रुमाल माझा. चूक तुमच्या डोळ्यांची नाही काका, माझी. मी माझ्या जागी बसून राहायला हवं होतं."

शेजारचं कुत्रं कुंपणापर्यंत आलं आणि वास घेऊन गेलं.

"म्हणजे 'कुणी आहे का' विचारलंस ते," काका म्हणाले, "मला विचारलंस."

"हो."

"आणि मी ओ दिली असती तर?"

रॉइस पिशवीची कडा दुमडत राहिला.

"मी पाच रात्री," काका हळूच म्हणाले, "डोळे मिटले की तुझं तोंड बघतोय. फुटलेलं. ग्लेंडाला काय सांगायचं ते जुळवतोय. आणि तू तिथं मर्नाकडं माझीच अर्धी हाक विकत होतास."

"मी हे तुमच्यासाठी आणलंय," रॉइसनं पिशवी पुढं केली.

"ते मला नको." आवाज चढला नाही, पण रॉइसचा हात आपोआप मागं आला. "नेम मी धरला, ते माझं. ते तू घेऊ शकत नाहीस. तुझं तू घे. उद्या सकाळी टेबलावर सांग. सगळं सांग. मी तिथं होतो तेही सांग, नेम धरला तेही. मी यायचा नाही. आणि सांगून पळायचं नाही. कप संपेपर्यंत बसायचं."

"हो काका."

"जा आता. जोनेल येईल."

शुक्रवारी सकाळी टेबल भरलेलं होतं. मर्नानं न विचारता कप आणून ठेवला. डॉयल म्हणाला, "आलात मास्तर? आज काय शिकवताय?"

रॉइसनं सांगितलं. सुरुवात कुठून करावी ते कळेना म्हणून तो तीस वर्षं मागं गेला आणि कधीच शिकारीला गेलो नव्हतो इथून सुरू केलं. त्याला वाटलं होतं, इथं तरी हसतील. कुणी हसलं नाही. मग हाक, मग सरपटणं, रुमाल, बार. काकांचा नेमही त्यानं सांगितला.

डॉयलनं टोपी काढून टेबलावर ठेवली. थट्टा करायला त्याला एवढा माल कुणी कधी दिला नव्हता, आणि त्यानं एकही शब्द काढला नाही. रॉइसला आयुष्यात डॉयलच्या थट्टेची अशी भूक कधी लागली नव्हती.

"काकांची हाक," शेवटी डॉयल म्हणाला, "ओळखलीस तू?"

"हो."

"हं," डॉयल म्हणाला, आणि पलीकडच्या माणसाकडं वळून विचारलं, की पाऊस थांबला तर गवत या आठवड्यात कापायला येईल का. पलीकडच्यानं सांगितलं, पुढच्या. मग गवताचं बोलणं सुरू झालं आणि चांगलं लांबलं.

रॉइस बसून राहिला. कॉफी गरम होती, घाईनं संपवण्यासारखी नव्हती. तो एकेक घोट घेत होता आणि तळ दिसायची वाट बघत होता. अखेर तळ दिसू लागला. तेवढ्यात मर्ना किटली घेऊन टेबलाभोवती फिरत आली आणि गवताबद्दल काहीतरी बोलत बोलत, न बघताच, सवयीनं, त्याचा कप पुन्हा काठोकाठ भरून गेली.